खालच्या कप्प्यात भाजी गोठतेय म्हणजे सेन्सरच गेलाय का? घरी कसं तपासायचं

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडतो म्हणजे पुढं गोंधळ नको. नाशिकला घर, डबल डोअर फ्रॉस्ट फ्री फ्रिज, सात वर्षं झाली. वरचा फ्रीझर नेहमीसारखा चाललाय पण खाली कोथिंबीर काळी पडतेय, काकडी कापली की आत बर्फाचे कण, दुधाची पिशवी सकाळी विटेसारखी कडक. मेकॅनिक आला, पाच मिनिटं दार उघडून बघितलं, सेन्सर गेलाय आणि सोबत पीसीबी (म्हणजे फ्रिज चालवणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड) पण बदलावी लागेल म्हणाला आणि साडेसहा हजार सांगितले. आता सेन्सर खरंच गेलाय का हे घरच्या घरी कसं बघायचं, असं तुम्ही विचारताय.

मी सांगली-मिरज भागात २२ वर्षं फ्रिज-एसीचं काम करतोय. सुरुवातीला कुठलाही फ्रिज बिघडला की "गॅस गेलाय" म्हणायची पद्धत होती, आता त्याच जागी "सेन्सर गेलाय" आलंय. तुमचा मेकॅनिक चुकलाच आहे असं मी म्हणत नाही, तुमच्या लक्षणांत सेन्सरवर संशय घ्यायला नक्की जागा आहे. पण त्यानं मीटर लावला नाही असं तुम्हीच लिहिलंय, आणि सेन्सर गेलेला डोळ्यांनी दिसत नाही हो, चांगला आणि बिघडलेला दोन्ही शेजारी ठेवले तरी सारखेच दिसतात.

खरं तर तुमचा प्रश्न "सेन्सर कसा तपासायचा" हा नाहीये. खालच्या भागात गरजेपेक्षा जास्त थंड हवा येतेय, ती कोण सोडतंय आणि कुणाच्या सांगण्यावरनं, हा प्रश्न आहे. सेन्सर हा त्यातला फक्त सांगणारा.

हे सगळं डबल डोअर फ्रॉस्ट फ्रीसाठी सांगतोय. साध्या सिंगल डोअर फ्रिजमध्ये बहुतेक वेळा सेन्सर नसतोच, तिथं नॉबच्या मागं थर्मोस्टॅट असतो आणि त्याची बारीक तांब्याची नळी बर्फाच्या कप्प्याला टेकवलेली असते, ती नळी जागेवरनं सुटली की फ्रिज थांबतच नाही. तो वेगळा विषय. जुन्या फ्रॉस्ट फ्रीमध्ये पण थर्मोस्टॅट, डिफ्रॉस्टचा म्हणजे बर्फ वितळवायचा टायमर आणि बायमेटल (टेंपरेचरवर चालू-बंद होणारा स्विच) असायचं, कार्ड नसायचं. तुमच्याकडं पीसीबी आहे म्हणजे सेन्सर आहेत, आणि एक नाही, दोन किंवा तीन असतील. एक खालच्या भागात, एक फ्रीझरमध्ये, एक थंडी तयार करणाऱ्या कॉईलला चिकटवलेला डिफ्रॉस्टचा. कोणता गेलाय हे सांगितल्याशिवाय "सेन्सर गेलाय" या वाक्याला अर्थ नाही. मेकॅनिकला हा पहिला प्रश्न विचारा.

आता सेन्सर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण हे एकदा समजलं की पुढचं सगळं तुमचं तुम्हाला जमेल. शेंगदाण्याएवढा प्लास्टिकचा किंवा स्टीलच्या टोपीतला तुकडा, त्याला दोन वायरी. आत एक थर्मिस्टर, ज्याचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) गरम झाला की कमी होतो आणि थंड झाला की वाढतो. फ्रिजमध्ये १० हजार ओहमचा प्रकार बराच दिसतो, म्हणजे २५ डिग्रीला १० हजार, शून्य डिग्रीला साधारण ३० ते ३३ हजार, ४ डिग्रीला २७ हजारांच्या आसपास आणि फ्रीझरच्या उणे १८ ला ९० हजारांच्या घरात. काही कंपन्यांत ५ हजारवाला असतो, काहींत त्याहून कमी, त्यामुळं माझे आकडे डोळे झाकून तुमच्या फ्रिजला लावू नका. कार्डाला टेंपरेचर वगैरे काही कळत नाही, त्याला फक्त हा रेझिस्टन्स दिसतो आणि त्यावरनं ते ठरवतं की कंप्रेसर चालू ठेवायचा का, थंड हवेचा डॅम्पर, म्हणजे झडप, उघडायची का.

सेन्सर बिघडतो म्हणजे नेमकं काय होतं, इथं बऱ्याच मेकॅनिक लोकांचा पण घोळ होतो. त्यांना वाटतं सेन्सर बल्बसारखा आहे, चालू नाहीतर गेला. पूर्ण ओपन किंवा पूर्ण शॉर्ट झाला तर खरंच सोपं असतं, कार्ड लाईट ब्लिंक करून एरर दाखवतं आणि बरीच कार्डं कंप्रेसर ठराविक मिनिटं चालू, ठराविक मिनिटं बंद असं अंदाजानं चालवत राहतात. त्रास देतो तो खोटं बोलणारा सेन्सर. तो मेलेला नसतो, चुकीचा आकडा सांगतो आणि कार्ड त्याच्यावर विश्वास ठेवतं, एरर नाही, ब्लिंक नाही, काही नाही.

आणि खोटं दोनच दिशेनं बोलता येतं. एक म्हणजे आत पाणी शिरलं. सेन्सरची टोपी चिरते किंवा वायर जिथनं आत जाते तिथं फट पडते, ओल आत जाते आणि दोन वायरींमध्ये एक चोरवाट तयार होते. समजा ती चोरवाट एक लाख ओहमची आहे. आत खरं टेंपरेचर ४ आहे, थर्मिस्टर २७ हजार सांगतोय, पण चोरवाट धरून कार्डाला दिसतात २१ हजार, म्हणजे जवळपास ९ डिग्री. कार्ड म्हणतं अरे गरम आहे, थंड कर. मग ते थंड करत राहतं आणि त्याला "४ झालं" असं वाटेपर्यंत आत खरं टेंपरेचर उणे २ झालेलं असतं. तुमची कोथिंबीर काळी पडते ती अशी. आणि हाच एक लाखाचा लीकेज फ्रीझरच्या सेन्सरला असेल तर आणखी वाईट, कारण तिथं थर्मिस्टर स्वतःच ९० हजारांवर असतो, दोन्ही मिळून ४८ हजारच्या आसपास होतात, कार्डाला फ्रीझर उणे ७ वाटतो आणि उणे १८ कधी दिसतच नाही. कंप्रेसर दिवसरात्र चालू, लाईट बिल वाढलं म्हणून गिऱ्हाईक येतं.

दुसरी दिशा म्हणजे जोड गंजला. कनेक्टरची पिन हिरवी पडली, क्रिंप म्हणजे वायरीवर दाबून बसवलेला जोड सैल झाला, मग मध्येच पाचेक हजार ओहम जास्तीचे येतात. कार्डाला वाटतं आधीच थंड आहे, ते लवकर थांबतं, आणि ४ डिग्रीच्या जागी आत ८ राहतात. दूध फाटतं, भात आंबतो. तर लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की रेझिस्टन्स खऱ्यापेक्षा कमी दिसला की फ्रिज जास्त थंड होतो आणि जास्त दिसला की कमी थंड होतो. कुणी म्हणालं सेन्सर गेलाय तर मी विचारतो कुठल्या दिशेनं गेलाय, आणि लक्षण त्या दिशेला जुळतंय का. जुळत नसेल तर तो सेन्सर बदलून काही होणार नाही.

आता तुमची केस. फ्रीझर ठीक, खालचा भाग जास्त थंड. बऱ्याच डबल डोअरमध्ये थंडी तयार होते एकाच कॉईलवर, ती वर फ्रीझरच्या मागं असते, पंखा तिथली हवा फिरवतो आणि डक्टमधनं थोडी खाली सोडतो, मध्ये ती डॅम्परची छोटी झडप. वरचा सेन्सर कंप्रेसर सांभाळतो, खालचा सेन्सर झडप सांभाळतो. फ्रीझरचा सेन्सर खोटं बोलत असता तर वरचं आइस्क्रीम दगड झालं असतं, कंप्रेसर थांबला नसता. ते होत नाहीये. म्हणजे संशयित तीन उरतात, खालचा सेन्सर कमी रेझिस्टन्स दाखवतोय, किंवा झडप उघडी अडकलीय, किंवा फ्रिजमध्ये बिघाडच नाही आणि सामान चुकीच्या जागी आहे. (एकच सेन्सर आणि हातानं फिरवायची झडप असलेली मॉडेलं पण असतात, तुमच्या फ्रिजमध्ये आत दोन वेगळे नॉब असतील तर तसं असू शकतं, मग तो झडपेचा नॉब साफसफाई करताना कुणी फिरवला का ते आधी घरात विचारा. हसू नका, यासाठी मी व्हिजिटचे पैसे घेतलेत आणि घेताना लाज वाटलीय.)

तिसऱ्या संशयितापासनं सुरू करा कारण त्याला पैसे लागत नाहीत. मागच्या भिंतीला जिथनं हवा येते ती जाळी कुठं आहे बघा, हात धरला की गार झुळूक लागते. त्या जाळीसमोर ठेवलेली दुधाची पिशवी चांगल्या फ्रिजमध्ये पण गोठते. पालेभाजी तर आधी जाते. आणि नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पहाटे किती गारठा असतो तुम्हाला माहीत आहे, मे महिन्यात सगळ्यात थंडवर केलेलं सेटिंग तसंच राहिलं असेल तर ते मधोमध आणा आणि चोवीस तास थांबा. दार उघडून तासातासाला बघू नका, काही कळत नाही त्यानं.

मग खरं टेंपरेचर मोजा. फ्रिजच्या दारावर जो आकडा दिसतो तो बऱ्याचदा तुम्ही सेट केलेला असतो आणि मोजलेला असला तरी त्याच सेन्सरचा असतो, म्हणजे ज्याच्यावर संशय आहे त्यालाच साक्षीला बोलवल्यासारखं. मत्स्यालयाच्या दुकानात वायरवाला छोटा डिजिटल थर्मामीटर मिळतो तो आणा. तापाचा चालत नाही, तो ३५ च्या खाली जातच नाही, एका काकांनी तो रात्रभर दुधात ठेवला होता. स्टीलचा पेला अर्धा पाण्यानं भरा, थर्मामीटरचं टोक त्यात बुडवा, मधल्या शेल्फवर जाळीपासनं लांब ठेवा आणि रात्रभर दार उघडू नका. पाण्यात यासाठी की हवेचं टेंपरेचर दार उघडताक्षणी उडतं, पाण्याचं उडत नाही. सकाळी २ ते ५ च्या मधे दिसलं तर फ्रिज ठीक आहे, तुमचा प्रश्न जागेचा आहे. पेल्यातलं पाणी शून्यावर किंवा वर पापुद्रा धरलेला दिसला तर पुढं वाचा.

आता मीटर. साधा डिजिटल मल्टिमीटर चालतो. प्लग काढायचा, स्विच बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतनं बाहेर. इन्व्हर्टर फ्रिज असेल तर प्लग काढल्यावर दहा मिनिटं थांबायचं, कार्डावरचा मोठा कपॅसिटर चार्ज धरून ठेवतो आणि तिथं जवळपास ३०० व्होल्ट असतात. खरं सांगू का, कार्डाचं झाकण तुम्ही उघडूच नका, खालच्या भागातला सेन्सर आतनंच सापडतो. बाजूच्या भिंतीला किंवा मागच्या पॅनलला चिरा असलेलं बोटभर लांबीचं प्लास्टिकचं झाकण असतं, ते अलगद निघतं, मागं सेन्सर क्लिपमध्ये बसवलेला असतो. झाकण काढताना आधी त्याचा फोटो काढा. आणि सेन्सर क्लिपमध्ये आहे का सुटून भिंतीला टेकलाय, त्याच्यावर कॅरीबॅगचा तुकडा चिकटलाय का, हे पण बघून घ्या. फ्रिजच्या गरम बाजूला टेकलेला सेन्सर चांगला असूनही खोटंच सांगणार, बिचाऱ्याला जागाच तशी मिळालीय.

कनेक्टर सोडवायचा, कार्डाला जोडलेला असताना मोजायचं नाही, कार्डाचा रेझिस्टन्स मध्ये येतो. मीटर २०० के (के म्हणजे हजार ओहम) रेंजवर ठेवा. इथं एक चूक इतकी कॉमन आहे की वेगळी सांगतो, मीटर बझरवर ठेवून सेन्सर तपासतात, बझर वाजत नाही, मग "ओपन आहे, गेला". अहो बझर काही दहा ओहमच्या घरात वाजतो, दहा हजाराला कसा वाजेल? चांगला सेन्सर बझरवर कधीच वाजणार नाही, वाजला तर तो शॉर्ट आहे. आणि जुने लोक हीटर, बायमेटल तपासायला २३० व्होल्टची सीरिज लॅम्प (लाईनमध्ये बल्ब लावून केलेली टेस्ट) वापरतात, तिथं ती चालते, सेन्सरला लावली की सेन्सर तिथंच संपला. त्यानंतर तो खरंच "गेलेला" निघतो. दोन्ही वायरींची टोकं ओल्या बोटांनी दाबून धरू नका, शरीरातनं पण थोडा करंट जातो आणि आकडा कमी येतो.

चार्ट नसला तरी चालतो, मी काय करतो सांगतो. ग्लासात बर्फ कुटून टाका, पाणी ओता, दोन-चार मिनिटं ढवळा. बर्फ आणि पाणी दोन्ही शिल्लक आहेत तोपर्यंत तो ग्लास शून्य डिग्रीच आहे, कुठल्याही लॅबमध्ये जायला नको. सेन्सर त्यात बुडवा, जोड बुडवू नका, पाच मिनिटांनी आकडा लिहा. मग सेन्सर पुसून रूममध्ये अर्धा तास लटकवून ठेवा, जवळ तोच थर्मामीटर ठेवा, दुसरा आकडा लिहा. रूम २५ ला असेल तर बर्फातला आकडा रूमच्या आकड्याच्या पावणेतीन ते साडेतीन पट यायला पाहिजे, ३० ला असेल तर साडेतीन ते सव्वाचार पट. सेन्सर १० हजारवाला असो की ५ हजारवाला, ही पट साधारण तशीच राहते. ओल शिरलेल्या सेन्सरमध्ये ही पट कमी पडते, कारण थर्मिस्टर जितका थंड तितकं चोरवाटेचं वजन जास्त. जिथं तिप्पट पाहिजे तिथं दुप्पट आली तर तो सेन्सर नक्की गेला, मला विचारायची पण गरज नाही.

मग तो मुठीत धरा आणि मीटरकडं बघत राहा. आकडा हळूहळू, सरळ खाली आला पाहिजे. मध्येच उडी मारली, गायब झाला, परत आला, तर आत तडा आहे. वायर हळूच हलवून पण बघा. काही सेन्सर रूममध्ये शहाण्यासारखे वागतात आणि थंडीत गेल्यावर प्लास्टिक आकसलं की नाटकं करतात, म्हणून बर्फातली टेस्ट टाळू नका, निव्वळ रूम टेंपरेचरला मोजून "सेन्सर ओके" म्हणणं मी मोजलंच नाही असं धरतो.

अजून एक सोपी युक्ती आहे, फ्रिज रिकामा करायची तयारी असेल तर. रात्रभर प्लग काढून दोन्ही दारं उघडी टाका. सकाळी आतलं सगळं एकाच टेंपरेचरला येतं, मग एकाच प्रकारचे सेन्सर असतील तर सगळ्यांचे आकडे सारखे दिसले पाहिजेत. जो वेगळा दिसेल तो चोर. हे मेकॅनिकला कार्डाजवळच्या कनेक्टरवर करायला सांगा, तिथं सगळ्या सेन्सरच्या वायरी एकत्र येतात, आणि एक फायदा म्हणजे मधले जोड पण त्यात मोजले जातात. तिथला आकडा आणि सेन्सरच्या मुळाशी घेतलेला आकडा वेगळा आला तर सेन्सर चांगला आहे, मधला जोड खराब आहे.

या जोडावरनं मी स्वतः एकदा चांगला पोळलोय ते सांगतो. पंधरा वर्षं तरी झाली असतील, मिरजेतलं घर, फ्रीझरचा कंप्रेसर थांबत नव्हता. सेन्सर तपासला, बर्फात पट कमी, बदलला, फ्रिज मस्त चालला. दोन महिन्यांनी परत तेच. परत सेन्सर बदलला, कंपनीचा माल खराब येतो म्हणून शिव्या घातल्या. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्या घरातल्या आज्जी म्हणाल्या, "बाळा, तू येतोस तेव्हा सेन्सर बदलतोस का दुसरं काहीतरी दुरुस्त करतोस, कारण दोन महिनेच टिकतंय." खाली बसून काढलेला सेन्सर आणि जोड वेगवेगळे मोजले. सेन्सर एकदम चांगला. जोड खराब, आणि तो जोड माझाच, वायरी पिळून वर काळी पीव्हीसी टेप गुंडाळलेली. फ्रीझरच्या थंडीत टेपचा गोंद सुटतो, डिफ्रॉस्ट झालं की पाणी आत जातं, परत गोठतं, परत वितळतं. म्हणजे दरवेळी मी चांगला सेन्सर फेकून नवीन सेन्सर त्याच ओल्या पद्धतीनं जोडत होतो. तेव्हापासनं जोड सोल्डर करून, आतनं गोंद असलेली हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळून बसते ती), आणि जोड वायर वर घेऊन असा बांधायचा की पाणी त्यावरनं ओघळून जाईल, त्यात साचणार नाही. आज्जींकडनं त्या दिवशी पैसे घेतले नाहीत, त्यांनी चहा पाजला. तुमचा सेन्सर बदललाच तर जोड कसा केलाय ते बघा, टेप दिसली तर तिथंच थांबवा.

सेन्सर दोन्ही टेस्टमध्ये पास झाला तर मग झडप. मोटरवाली झडप असेल तर ओल साचून उघडी गोठते, किंवा गियरचा दात तुटतो. फ्रिज चालू असताना खालच्या जाळीला हात लावून हवा बघा. तुमचा पेल्यातला थर्मामीटर शून्याच्या खाली असताना पण हवा जोरात येत असेल तर झडप बंद होत नाहीये. पण लगेच झडपेला दोष देऊ नका, सेन्सर चांगला असला तरी कार्ड तिला बंद व्हायला सांगतंय का ते अजून कळलेलं नाही.

ते कसं कळतं? माझ्याकडं १०० के चं एक व्हेरिएबल रेझिस्टर आहे, नॉब असलेलं, दोन वायरी बाहेर काढलेलं. सेन्सरच्या जागी ते कार्डाला जोडतो आणि फिरवतो. कमी रेझिस्टन्स केला की कार्डाला वाटतं गरम, झडप उघडली पाहिजे. जास्त केला की वाटतं थंड, झडप बंद झाली पाहिजे. झडप हलली म्हणजे कार्ड पण ठीक, झडप पण ठीक, दोष सेन्सर आणि त्याच्या वायरीत. हलली नाही तर झडपेच्या कनेक्टरवर सप्लाय येतोय का बघायचं, येतोय आणि हलत नाही तर झडप गेली, येतच नाही तर मग कार्ड. कंप्रेसरचं असंच तपासता येतं फक्त तिथं घाई करायची नाही, कार्ड बंद झालेल्या कंप्रेसरला काही मिनिटं परत चालू होऊ देत नाही, लोक तीस सेकंद वाट बघून "कार्ड गेलं" म्हणतात. हे चालू लाईनवर करायचं काम आहे, तुम्ही घरी करू नका, पण मेकॅनिकला विचारा की कार्ड गेलंय हे कशावरनं ठरवलं. त्याच्याकडं असं काहीतरी उत्तर असेल तर तो काम जाणणारा आहे, पैसे द्या.

सेन्सर आणि पीसीबी एकाच वेळी गेले असं होतच नाही का? होतं, क्वचित. कार्ड जातं ते बहुतेक वेळा व्होल्टेज वर-खाली झाल्यावर, पावसाळ्यात वीज कडाडल्यावर, किंवा उंदीर-झुरळांच्या घाणीनं. सेन्सर जातो ओलीनं. कारणं वेगळी, त्यामुळं दोन्ही एका दिवशी गेले म्हटलं की मी तरी भुवया वर करतो. दोन्ही बदलले की काहीतरी लागू पडतंच आणि मेकॅनिकला परत यावं लागत नाही, हा त्यातला हिशोब असतो. सेन्सर काही शेकड्यांत येतो, बाकी सगळे पैसे कार्डाचे. म्हणून आधी फक्त सेन्सर, तोही टेस्टमध्ये नापास झाला तर, आणि चोवीस तास फ्रिज चालवून बघा.

जाता जाता उलट केसबद्दल पण सांगतो, कारण तुमच्या जाऊबाईंच्या फ्रिजचं पण लिहिलंय, वर बर्फ होतोय आणि खाली दूध फाटतंय. तिथं खालचा सेन्सर बघायच्या आधी फ्रीझरच्या मागचं पॅनल आठवा. डिफ्रॉस्ट नीट होत नसेल तर कॉईलवर बर्फाची भिंत तयार होते, पंख्याची हवा खाली येतच नाही. सगळं सामान काढून, प्लग काढून, दारं उघडी ठेवून पूर्ण चोवीस तास वितळू द्यायचं, खाली जुने टॉवेल अंथरा. मग चालू केल्यावर आठ-दहा दिवस उत्तम चालला आणि परत तेच झालं, तर गॅस नाही, खालचा सेन्सर नाही, डिफ्रॉस्टचा हीटर, फ्यूज किंवा कॉईलवरचा सेन्सर यातलं काहीतरी आहे. कॉईलवरच्या सेन्सरची क्लिप निसटली की तो कॉईल सोडून हवेचं टेंपरेचर सांगतो, कार्डाला वाटतं बर्फ वितळला, हीटर अर्ध्यात बंद. क्लिप परत बसवली की काम झालं असं पण मी बघितलंय. आणि त्यांना सांगा की बर्फ सुरीनं किंवा स्क्रू ड्रायव्हरनं खरवडायचा नाही. आताच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६००ए गॅस असतो, तो पेट घेणारा आहे, आणि कॉईलला भोक पडलं तर सेन्सरच्या पैशाचं काम काही हजारांवर जातं.

तर तुम्ही आधी पेल्यातलं टेंपरेचर घ्या, सेटिंग मधोमध करून एक रात्र. शून्याच्या जवळ आलं तर बर्फातला आकडा आणि रूममधला आकडा, सोबत रूम किती डिग्रीला होती ते, आणि सेन्सरच्या वायरींचा रंग. फ्रिजच्या बाजूला किंवा आत भिंतीवर मॉडेल नंबरचं स्टिकर असतं त्याचा फोटो पण पाठवा, सेन्सर ५ हजारवाला आहे का १० ते त्यावरनं सांगता येईल. तोपर्यंत पालेभाजी कागदात गुंडाळून दाराच्या कप्प्यात ठेवा, तिथं थंडी सगळ्यात कमी असते.